एका नर्सकडे किती पेशंट? लिंडा एकेन यांच्या संशोधनाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नर्सिंगच्या विद्यार्थिनी, वॉर्डात राबणाऱ्या सिस्टर आणि ब्रदर, छोटी रुग्णालयं चालवणारे डॉक्टर, पेशंटचे नातेवाईक, अशा सगळ्यांकडून लिंडा एकेन यांच्या कामाबद्दल तेच ते प्रश्न येत राहतात. काहींना त्यांचा एक आकडा ऐकून माहीत असतो, पण तो कुठून आला हे माहीत नसतं. म्हणून ही उत्तरं एकत्र लिहिली आहेत. जिथे सांगण्यासारखं बरंच आहे तिथे उत्तर लांबलं आहे.

लिंडा एकेन कोण आहेत?

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात परिचर्या आणि समाजशास्त्र या दोन्ही विषयांच्या प्राध्यापक. फ्लोरिडा विद्यापीठात त्यांनी नर्सिंगचं शिक्षण घेतलं आणि पुढे ऑस्टिन इथल्या टेक्सास विद्यापीठातून समाजशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. आरोग्यक्षेत्राला अर्थसाहाय्य देणाऱ्या रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशनमध्ये बरीच वर्षं काम केल्यावर १९८८ मध्ये त्या पेनसिल्व्हेनियात आल्या आणि आरोग्यसेवेचे परिणाम व धोरण यांवर संशोधन करणारं केंद्र त्यांनी तिथे उभं केलं.

नर्सिंग आणि समाजशास्त्र हा जोड महत्त्वाचा आहे. एकट्या नर्सचं कौशल्य किंवा चूक पाहण्याऐवजी त्यांनी अख्खं रुग्णालय एक संस्था म्हणून अभ्यासलं. इथे माणसं किती, काम कसं वाटलेलं, कोणाचं म्हणणं ऐकलं जातं, आणि शेवटी पेशंट जिवंत घरी जातो का, हे त्यांचे प्रश्न होते.

त्यांचा मुख्य निष्कर्ष थोडक्यात सांगाल?

एका नर्सच्या वाट्याला जितके जास्त पेशंट, तितके त्या रुग्णालयात टाळता येण्याजोगे मृत्यू जास्त.

सगळे ज्याचा दाखला देतात तो २००२ चा अभ्यास नेमका काय होता?

ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. पेनसिल्व्हेनिया राज्यातली १६८ रुग्णालयं, १०,१८४ नर्स, आणि सामान्य, अस्थिरोगाच्या किंवा रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेले २,३२,३४२ रुग्ण. काळ एप्रिल १९९८ ते नोव्हेंबर १९९९.

मला या अभ्यासातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते माहिती गोळा करण्याचं तंत्र. रुग्णालयाच्या कार्यालयाकडे ‘तुमच्याकडे किती नर्स आहेत’ असं विचारलं की पदांची यादी मिळते. त्या यादीत रजेवर गेलेल्या, ओपीडीत बसवलेल्या, कार्यालयीन कामाला लावलेल्या सगळ्या मोजलेल्या असतात. एकेन यांच्या चमूने राज्याच्या नोंदणी यादीतून निम्म्या नर्स यादृच्छिक पद्धतीने निवडल्या आणि त्यांना टपालाने प्रश्नावली पाठवली: तुमच्या शेवटच्या शिफ्टला तुमच्याकडे किती पेशंट होते? वॉर्डात प्रत्यक्ष उभ्या असलेल्या बाईंनीच उत्तर दिलं, आणि व्यवस्थापनाची परवानगी घेण्याचा प्रश्नच उरला नाही. मग ही उत्तरं रुग्णालयागणिक एकत्र करून रुग्णांच्या नोंदींशी जोडली. वय, आधीचे आजार, शस्त्रक्रियेचा प्रकार, रुग्णालयाचा आकार, तिथलं तंत्रज्ञान, शिकाऊ डॉक्टरांचं प्रमाण, या सगळ्याचा हिशेब वेगळा काढला.

उरलं ते असं: नर्समागे एक पेशंट वाढला की दाखल झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. चाराच्या जागी आठ पेशंट दिले तर ३१ टक्क्यांनी. नर्सच्या बाजूने पाहिलं तर प्रत्येक वाढीव पेशंटमागे थकून कोलमडण्याची शक्यता २३ टक्क्यांनी आणि नोकरीबद्दल असमाधानाची १५ टक्क्यांनी वाढत होती. पेशंट आणि नर्स यांचं नुकसान एकाच कारणाने, एकाच वॉर्डात होत होतं.

७ टक्के म्हणजे शंभरातले सात पेशंट जास्त दगावतात का?

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि तो दूर झालाच पाहिजे, कारण चुकीचा आकडा सांगितला की समोरचा अधिकारी सगळंच बाजूला सारतो.

अभ्यासातल्या रुग्णांपैकी सुमारे २ टक्के ३० दिवसांत दगावले होते. ७ टक्के वाढ ही त्या मूळ शक्यतेवरची आहे, म्हणजे २ चं साधारण २.१४ होतं. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण संशोधकांनीच पुढचा हिशेब मांडला आहे: सगळ्या रुग्णालयांत नर्समागे ४ ऐवजी ८ पेशंट असते, तर दर हजार शस्त्रक्रिया-रुग्णांमागे ५ मृत्यू जास्त अपेक्षित होते. ज्यांना शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली, त्यांच्यात तर हजारामागे १८. एका जिल्ह्यात वर्षाला किती ऑपरेशनं होतात ते डोळ्यांसमोर आणा, म्हणजे या ‘क्षुल्लक’ आकड्याचं वजन कळतं.

ऑपरेशन डॉक्टर करतात. मग नर्स कमी असल्याने पेशंट कसा दगावेल?

ऑपरेशन दोन तासांत संपतं. त्यानंतरचे दिवस आणि रात्री पेशंट वॉर्डात असतो, आणि तिथे चोवीस तास त्याच्या जवळ असणारी प्रशिक्षित व्यक्ती एकच, नर्स.

पोटाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस घ्या. सकाळी नाडी ८८. दुपारी १०४. श्वास थोडा जलद. लघवीच्या पिशवीत कालच्यापेक्षा कमी जमलंय. पेशंट म्हणतो ‘काही नाही, जरा अस्वस्थ वाटतंय’. यातली एकेक गोष्ट सुटी पाहिली तर घाबरण्यासारखी नाही. सगळ्या एकत्र पाहिल्या तर आत रक्तस्राव होतोय किंवा जंतुसंसर्ग रक्तात शिरतोय. रक्तदाब बहुधा बराच उशिरा ढासळतो. त्याआधी नाडी, श्वास आणि लघवीचं प्रमाण इशारा देत असतात. चार पेशंट असलेली सिस्टर दुपारी दोनदा त्याच्याजवळ जाते, सकाळचा आकडा तिच्या डोक्यात असतो, ती सर्जनला फोन करते. पंधरा पेशंट असलेली सिस्टरही तितकीच हुशार आणि तळमळीची असते, पण तेव्हा ती तीन बेड पलीकडे इंजेक्शनं देत असते, आणि तिच्या लक्षात ही गोष्ट येते ती रात्रीच्या शिफ्टला ओव्हर देताना. मधले तास गेलेले असतात.

जेफ्री सिल्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये हे मोजायची एक पद्धत सुचवली: गुंतागुंत झालेल्या रुग्णांपैकी किती दगावले? गुंतागुंत होणं हे बरंचसं रुग्णाच्या वयावर, मधुमेहावर, मूळ आजारावर अवलंबून असतं. गुंतागुंत झाल्यावर त्याला वाचवता येणं मात्र रुग्णालयावर अवलंबून असतं. २००२ च्या अभ्यासात जवळपास २३ टक्के रुग्णांना काही ना काही मोठी गुंतागुंत झाली होती आणि त्यांच्यातले ८.४ टक्के दगावले. नर्समागे पेशंट वाढले की हे ‘वाचवता न येणं’सुद्धा प्रत्येक पेशंटमागे ७ टक्क्यांनी वाढलं. सिल्बर स्वतः या २००२ च्या अभ्यासाचे एक लेखक होते.

हे सगळं अमेरिकेपुरतंच आहे का?

नाही. बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठाचे वॉल्टर सर्मियस यांच्यासोबत एकेन यांनी युरोपात मोठा प्रकल्प केला. त्यातला निबंध २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला: बेल्जियम, इंग्लंड, फिनलंड, आयर्लंड, नेदरलँड्स, नॉर्वे, स्पेन, स्वीडन आणि स्वित्झर्लंड हे ९ देश, ३०० रुग्णालयं, पन्नाशी ओलांडलेले ४,२२,७३० शस्त्रक्रिया-रुग्ण. विम्याच्या पद्धती वेगळ्या, पगार वेगळे, भाषा वेगळ्या. आणि आकडा पुन्हा तोच निघाला: प्रत्येक वाढीव पेशंटमागे ७ टक्के. पुढे चिलीतल्या ४० रुग्णालयांच्या अभ्यासातही नर्सवरचा भार वाढला की मृत्यू वाढतात हेच दिसलं. हा अभ्यास आपल्यासाठी विशेष मोलाचा, कारण श्रीमंत युरोपपेक्षा तिथल्या सरकारी रुग्णालयांची परिस्थिती आपल्याला जास्त ओळखीची वाटेल.

पण संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं होतं का?

फार चांगला प्रश्न, आणि तो एकेन यांच्या टीकाकारांनी सतत विचारला आहे. २००२ चा अभ्यास म्हणजे एका काळातलं चित्र आहे. ज्या रुग्णालयात नर्स भरपूर, तिथे कदाचित पैसाही भरपूर, यंत्रंही चांगली, सर्जनही नामांकित. मग श्रेय नर्सना का द्यायचं? आकडेशास्त्राने हे घटक वेगळे काढता येतात, पण पूर्ण निघतातच असं नाही. आणि चिठ्ठ्या टाकून काही वॉर्डांना मुद्दाम कमी नर्स देण्याचा प्रयोग कोणी नीतिमान माणूस करणार नाही.

यातून दोन वाटा निघाल्या. पहिली जॅक नीडलमन यांची. या अमेरिकन संशोधकाच्या चमूने एकाच मोठ्या रुग्णालयात रुग्ण दाखल झाल्याच्या जवळपास दोन लाख नोंदी आणि पावणेदोन लाखांहून जास्त शिफ्ट तपासल्या आणि २०११ मध्ये निष्कर्ष छापला. रुग्णालय तेच, सर्जन तेच, यंत्रं तीच. ज्या शिफ्टला नर्सची संख्या ठरलेल्यापेक्षा बरीच कमी होती, तशी प्रत्येक शिफ्ट वाट्याला आली की रुग्णाच्या मृत्यूचा धोका २ टक्क्यांनी वाढत होता. ‘श्रीमंत रुग्णालय’ हा आक्षेप इथे लागू पडत नाही.

दुसरी वाट ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडची. तिथल्या सरकारने २०१६ मध्ये काही सरकारी रुग्णालयांत किमान प्रमाण कायद्याने ठरवलं: सकाळ-दुपारच्या पाळीत सरासरी ४ पेशंटमागे १ नर्स, रात्री ७ मागे १. मॅथ्यू मॅकह्यू, एकेन आणि सहकाऱ्यांनी कायदा लागू होण्याआधीची आणि दोन वर्षांनंतरची स्थिती मोजली. कायदा लागू झालेली २७ रुग्णालयं आणि न झालेली २८. ज्यांना कायदा लागला तिथे मृत्यूची शक्यता ११ टक्क्यांनी उतरली. बाकीच्यांत तशी घट दिसली नाही. १४५ मृत्यू टळले असा त्यांचा अंदाज आहे. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. माझ्या मते एकेन यांच्या परंपरेतला सर्वांत भक्कम पुरावा हा आहे, २००२ चा नव्हे.

कॅलिफोर्नियाचा कायदा एकेन यांच्या अभ्यासामुळे झाला ना?

असं भाषणांत सर्रास सांगितलं जातं, पण तारखा जुळत नाहीत. एका नर्सकडे जास्तीत जास्त किती पेशंट असावेत हे ठरवणारा हा कायदा कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने १९९९ मध्ये केला आणि त्यामागे तिथल्या नर्सच्या संघटनांचा वर्षानुवर्षांचा लढा होता. एकेन यांचा निबंध आला २००२ मध्ये, प्रत्यक्ष प्रमाण लागू झालं २००४ पासून. म्हणजे प्रमाण किती ठेवायचं यावर रणधुमाळी चालू असताना हा पुरावा हाती आला. पुढे २०१० मध्ये एकेन यांनी कायद्याच्या परिणामांचा अभ्यास केला: कॅलिफोर्नियाचं प्रमाण न्यू जर्सीने पाळलं असतं तर तिथले शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १३.९ टक्क्यांनी आणि पेनसिल्व्हेनियातले १०.६ टक्क्यांनी कमी झाले असते, असा हिशेब त्यात आहे.

रस्त्यावर उतरलेल्या नर्सचं श्रेय संशोधकाला देऊ नये. दोघींची कामं वेगळी आहेत आणि दोन्ही लागतात.

जास्त नर्स नेमणं रुग्णालयाला परवडतं का?

क्वीन्सलँडमध्ये कायदा लागलेल्या रुग्णालयांत पेशंटचा मुक्काम जास्त कमी झाला, आणि पुन्हा दाखल होणाऱ्यांचं प्रमाण बाकीच्या रुग्णालयांत वाढलं तसं तिथे वाढलं नाही. त्यातून वाचलेला पैसा वाढीव नर्सवरच्या खर्चाच्या दुपटीहून जास्त होता.

एक खरी अडचण मात्र आहे. ही बचत कोणाच्या खिशात जाते? सरकारी व्यवस्थेत खर्च करणारा आणि वाचवणारा एकच असतो. खासगी रुग्णालयात बेडचं भाडं दिवसागणिक मिळत असेल, तर मुक्काम कमी झाल्याचा फायदा पेशंटला आणि विमा कंपनीला होतो, पगार मात्र रुग्णालयाला द्यावा लागतो. म्हणून फक्त ‘परवडतं’ असं समजावून भागत नाही, नियम लागतो.

बीएस्सी नर्सिंग (पदवी) आणि जीएनएम (पदविका) यांत फरक पडतो असं एकेन म्हणतात का?

या प्रश्नावर आपल्याकडे मनं दुखावतात, म्हणून नीट पाहू. २००३ च्या निबंधात त्याच १६८ रुग्णालयांमध्ये असं दिसलं की पदवीधर नर्सचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असलं की मृत्यूची शक्यता ५ टक्क्यांनी कमी असते. युरोपात हाच आकडा ७ टक्के आला. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१० मध्ये २०२० पर्यंत ८० टक्के नर्स पदवीधर असाव्यात अशी शिफारस केली, तिला या संशोधनाचा आधार होता.

पण हे आकडे अख्ख्या रुग्णालयाच्या सरासरीचे आहेत. अमुक जीएनएम सिस्टर अमुक बीएस्सी सिस्टरपेक्षा कमी, असा अर्थ त्यातून निघत नाही आणि काढूही नये. शिवाय अमेरिकेतला जुना पदविका अभ्यासक्रम आणि आपला तीन वर्षांचा जीएनएम एकसारखे नाहीत. यातून घ्यायचं ते असं की नर्सच्या शिक्षणावर केलेला खर्च पेशंटच्या कामी येतो. वीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या जीएनएम सिस्टरला पोस्ट बेसिक बीएस्सी करायची असेल, तर तिला पगारी रजा मिळायला हवी, ही मागणी या पुराव्यावर उभी राहू शकते.

नर्सऐवजी सहायक किंवा आया वाढवल्या तर?

युरोपातल्या ६ देशांच्या अभ्यासात, २०१७ मध्ये, असं दिसलं की दर २५ पेशंटमागे एका नर्सच्या जागी एक सहायक ठेवला तर मृत्यूची शक्यता २१ टक्क्यांनी जास्त होती. वॉर्डातल्या मदतनीस मामा-मावशींशिवाय वॉर्ड चालत नाही, त्यांची संख्याही वाढलीच पाहिजे. फक्त ती नर्सच्या जागेवर नको.

म्हणजे संख्या वाढवली की काम झालं?

नाही, आणि एकेन यांच्या कामातला हा भाग सर्वांत कमी वाचला जातो. २०११ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या ४ राज्यांमधल्या ६६५ रुग्णालयांची माहिती मांडली. जिथे कामाचं वातावरण उत्तम होतं तिथे नर्समागचा एक पेशंट कमी केल्याने मृत्यूची शक्यता ९ टक्क्यांनी घटली. मध्यम वातावरणात ४ टक्क्यांनी. आणि जिथे वातावरण वाईट होतं तिथे जवळपास काहीच फरक पडला नाही.

वातावरण म्हणजे हिरव्या भिंती आणि कँटीन नव्हे. सिस्टरने मध्यरात्री फोन केला तर डॉक्टर ऐकून घेतात की ओरडतात? इन्चार्ज सिस्टर आपल्या माणसांच्या पाठीशी उभ्या राहतात का? चूक सांगितली तर शिक्षा होते की ती का झाली हे शोधलं जातं? धोरण ठरवताना मेट्रनना खुर्ची मिळते का? नाडी १०४ झाल्याचं दिसूनही बोलणी बसतील या भीतीने फोन लांबणीवर टाकला गेला, तर वॉर्डात दहा नर्स असून उपयोग काय?

याची मुळं १९८३ च्या एका पाहणीत आहेत. अमेरिकेत नर्सचा तुटवडा असतानाही ४१ रुग्णालयांत नर्स टिकून होत्या, लोहचुंबकासारख्या ओढल्या जात होत्या. म्हणून त्यांना ‘मॅग्नेट’ रुग्णालयं म्हटलं गेलं. एकेन यांनी १९९४ मध्ये त्यातल्या ३९ रुग्णालयांची तुलना तशाच १९५ रुग्णालयांशी केली आणि दाखवलं की मॅग्नेट रुग्णालयांत वृद्ध रुग्णांचे मृत्यू सुमारे ५ टक्क्यांनी कमी होते. नर्सना जिथे राहावंसं वाटतं तिथे पेशंट जगतात, हे आकड्यांत मांडलं गेलं ते तिथे.

आपल्याकडे तर १:३ चा निकष आहे. तो कॅलिफोर्नियाच्या १:५ पेक्षा चांगला नाही का?

हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवताच येत नाहीत. कॅलिफोर्नियाचा १:५ म्हणजे या क्षणी ड्यूटीवर असलेल्या एका नर्सकडे जास्तीत जास्त ५ पेशंट. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषातला, शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांसाठीचा १:३ हा खाटांमागे पदांचा हिशेब आहे. ३ खाटांमागे १ पद तीन पाळ्यांत वाटलं की एका पाळीत ९ खाटांमागे १ नर्स उरते. साप्ताहिक सुट्टी, रजा, प्रसूती रजा यांसाठी जी वाढीव पदं धरायची ती भरलीच नाहीत, तर नवाचे बारा-पंधरा होतात. त्यात जमिनीवर गादी टाकून ठेवलेले पेशंट खाटांच्या मोजणीत येतच नाहीत.

कोणी प्रमाण सांगितलं की आधी विचारावं: हे पदांचं आहे की पाळीचं? मंजूर पदांचं की भरलेल्या?

मग हे आकडे महाराष्ट्राला लागू होतात का?

दिशा लागू होते, ७ टक्के हा नेमका आकडा जसाच्या तसा लावू नये. आपल्या वॉर्डात पेशंटजवळ एक नातेवाईक बसलेला असतो. तो पाणी पाजतो, कूस बदलतो, सलाईन संपत आली की सिस्टरला हाक मारतो. युरोपात हे काम नर्सकडे असतं. पण नाडी, श्वास आणि लघवी यांचा अर्थ एकत्र लावणं हे त्या नातेवाइकाचं काम नव्हे. शिवाय एकेन यांच्या अभ्यासांतली बहुतेक रुग्णालयं नर्समागे ४ ते १० पेशंट या पट्ट्यातली होती. आपल्या सरकारी वॉर्डात रात्री एकटी अधिपरिचारिका तीस-चाळीस पेशंट सांभाळते, तिथे एक पेशंट कमी झाल्याने काय फरक पडेल हे त्या अभ्यासांवरून सांगता येत नाही. ते इथेच मोजावं लागेल.

संशोधकाचा प्रभाव मोजायचा कसा? किती जणांनी संदर्भ दिला यावरून?

एकेन यांच्या निबंधांचे संदर्भ हजारोंनी दिले गेले आहेत, आणि इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१४ मध्ये त्यांना लीनहार्ड पुरस्कारही दिला. पण मी प्रभाव पाहते तो दुसरीकडे. २०१४ मध्ये इंग्लंडच्या ‘नाइस’ या, आरोग्यसेवेची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या संस्थेने दिवसपाळीत एका नर्सकडे ८ हून जास्त पेशंट असले की धोका वाढत असल्याचा पुरावा आहे, असं आपल्या मार्गदर्शनात नोंदवलं. वेल्सने २०१६ मध्ये नर्सच्या संख्येचा कायदा केला. क्वीन्सलँडने कायद्यासोबतच त्याचं मोजमाप करण्याची जबाबदारी संशोधकांना दिली. नर्सच्या संघटना पूर्वी ‘आम्ही दमतो’ म्हणून मंत्र्यांकडे जात आणि परत पाठवल्या जात. आता त्या पेशंटच्या मृत्यूंचे आकडे घेऊन जातात. हा बदल एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवला.

मी एमएस्सी नर्सिंग करते आहे. माझ्या प्रबंधासाठी यातलं काय करता येईल?

‘परिचारिकांच्या ज्ञानाचा अभ्यास’ या साच्यातले प्रबंध पुष्कळ झाले. एकेन यांचा पहिला प्रश्न घ्या: तुमच्या शेवटच्या शिफ्टला तुमच्याकडे किती पेशंट होते? आपल्या जिल्ह्यातल्या सिस्टरना निनावी प्रश्नावली द्या, ड्यूटी चार्टवर विसंबू नका. दुसरा प्रश्न असा ठेवा: वेळ नव्हता म्हणून त्या शिफ्टला कोणतं काम राहून गेलं? कूस बदलणं, वेदनेची नोंद, डिस्चार्जच्या वेळी समजावून सांगणं, ठरलेल्या वेळी नाडी-श्वास पाहणं, यांची यादी द्या आणि खुणा करायला सांगा. मृत्यूच्या नोंदी मिळवायला मोठा चमू आणि अनेक रुग्णालयं लागतात, एका प्रबंधात ते जमणार नाही. राहून गेलेली कामं मात्र एका विद्यार्थिनीला मोजता येतात. दिवसपाळी आणि रात्रपाळी वेगळी मांडा, आयसीयू आणि जनरल वॉर्ड एकत्र करू नका, आणि नैतिक समितीची मंजुरी आधी घ्या. प्रश्नावली मराठीत असू द्या, आणि ती मेट्रनच्या टेबलावरून न जाता थेट सिस्टरच्या हातात पोहोचेल याची काळजी घ्या.